सरासरी चालत नाही

महोदय,
परदेशी शिकायला जाणारी मुलं व्हिसा संपायची तारीख पाठ करतात, अटी मात्र नंतर वाचू म्हणतात. माझ्या भाचीनं तेच केलं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. हिनं हिशेब मांडला: या आठवड्यात २६, पुढच्यात १४, झाली की सरासरी! तशी सरासरी तिथे धरत नाहीत. नशीब, आधी विचारलं. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. पण तिथे शिकणाऱ्या मैत्रिणीचा नियम ब्रिटनमध्ये आपल्याला लागू नाही. ब्रिटनमध्ये तर स्वतःच्या खासगी शिकवण्याही चालत नाहीत, कारण तो स्वयंरोजगार! आता भाची दर रविवारी रात्री कॅलेंडरवर तासांची बेरीज करते.
— एक मामा