आमच्या संडेस्कूलच्या बाईंना, हसवायला शिकवलंत म्हणून

प्रिय बाई,

सलाम! तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं तर फोन करून झापाल, पण नगरच्या आमच्या मंडळीतल्या कुणीही हे वाचलं तर चार ओळींत ओळखेल ह्या कोण ते. फोनवर सांगायचं म्हटलं तर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

माझ्या हसवण्याच्या खोडीला कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. तोपर्यंत घरीदारी ती खोडच होती. पाळकसाहेबांची संपता न संपणारी प्रार्थना, कमिटीतल्या काकांचं नोटिसा वाचणं, पेटी सुरू व्हायच्या आधीच कडवं उचलणाऱ्या आत्या, सगळ्यांची नक्कल करायचो मी, आणि मोठी माणसं पोटभर हसून झाल्यावर म्हणायची बास आता, देवाच्या घरात चेष्टा नको. (हसून झाल्यावर, हे महत्त्वाचं.) तुम्ही मात्र मला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय काढायला लावलात. त्यात दानांची यादी आहे, संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं वगैरे. मी म्हटलं बाई, ह्यात कॉमेडी कुठाय? तर म्हणालात, "यादीत नाहीये, पण शेवटचं वाच, दया करणाऱ्याने ती आनंदाने करावी. आता आपल्याकडे पडक्या चेहऱ्याने दया करणारे किती आहेत ते मोज. तुला आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे."

आणि नुसतं म्हणून सोडून दिलं नाहीत, राबवून घेतलंत. गायनाच्या ग्रुपला जशी प्रॅक्टिस असते तशी आम्हाला हसवायची प्रॅक्टिस असायची, उशिरा आलं की बाहेर. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायातला युतुख कोण विसरेल! त्रोवस गावात माडीवरची सभा, खूप दिवे लावलेले, प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललेलं, खिडकीत बसलेला हा तरुण पेंगतो आणि थेट तिसऱ्या मजल्यावरून खाली. मी युतुख झालो होतो, आणि मला वाटलेलं की धपकन पडलं की झालं, पब्लिक हसणार. तुम्ही म्हणालात नाही, हसू पेंगण्यात आहे, पडण्यात नाही, पोरगं मेलंय रे तिथे. मग मान कशी हळूहळू कलंडते, दचकून जागं झाल्यावर माणूस आपण ऐकतच होतो असं दाखवायला उगाच मान कशी डोलावतो, ते तुम्ही स्वतः स्टुलावर बसून करून दाखवलंत. पडल्यावर कुणी हलायचं नाही, लोकांचं हसू घशातच अडकलं पाहिजे. मग पौल खाली येतो, त्याला मिठीत घेतो, म्हणतो घाबरू नका, हा जिवंत आहे. आणि मग शास्त्रात काय लिहिलंय, तर पौल परत वर गेला, भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत बोलत राहिला! एवढं होऊनही!! तुम्ही पौलाला तिथे एकच वाक्य दिलेलं, "हां, तर मी काय सांगत होतो..." अख्खं चर्च फुटलं, पाळकसाहेब तर रुमालाने डोळे पुसत होते, आणि पुढच्या रविवारी त्यांचा उपदेश चक्क वेळेत संपला. योगायोग असेल.

आमच्यातल्या एकाने एकदा स्क्रिप्टमध्ये तोतरा बोलणारा मेंढपाळ घातलेला, आठवतंय? तुम्ही काही न बोलता ते पान काढून घेतलंत आणि विचारलंत, आपल्या मंडळीत असं कोण बोलतं? एक जण होते, दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचे. मग म्हणालात, पौल टवाळी नको म्हणतो ती ही, आणि प्रभू येशूची चेष्टा बघायची तर डोळ्यातलं कुसळ-मुसळ बघा, चिलट गाळून घेऊन उंट गिळणारे परूशी, म्हणजे ते कर्मठ धर्मपुढारी, बघा. तो हसतो ते स्वतःला फार शहाणे समजणाऱ्यांना, खाली पडलेल्याला नाही. आजही काही लिहिलं की मी आधी मनातल्या मनात तो तिसरा बाक बघतो.

आता आजीचं. हे तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही. आजी खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होती आणि प्रार्थनेला सगळे आले, भावना चांगलीच होती कुणी रागावू नका, पण गाणी निवडली ती सगळी पैलतीराची, आणि एका काकांनी प्रार्थनेत तुझ्या दासीला शांतीने तुझ्याजवळ घे इथपर्यंत गाडी नेली. आजी डोळे मिटून पडलेली. तुम्ही तिच्या कानाशी वाकलात आणि हळूच म्हणालात, "आजी, ह्यांनी तुमचं तिकीट काढलंय बरं का, कॅन्सल करायचं असेल तर आत्ताच खोका." आणि आजी खोकली! खोटं खोटं, जोरात, दोनदा. काकांना आमेन म्हणावं लागलं. ऑपरेशनच्या भीतीने आठवडाभर धड न बोललेली बाई त्या संध्याकाळी चहा मागत होती, तोही साखरेचा. पुढे कितीतरी वर्षं ती हे येईल त्याला सांगायची, आणि दर वेळी खोकल्यांची संख्या वाढायची.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मला तुम्हीच वाचायला दिलंत. शाळा-कॉलेज नाही, वडिलांचं टोकाचं सोवळं, १८९५ साली नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर झालेली ताटातूट, एवढं सगळं सोसून ती बाई हसत हसत लिहिते आणि सगळ्यात जास्त स्वतःलाच हसते. तुम्ही म्हणायचात की आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला विनोद बाहेरून आणायची गरज नाही, तो घरातच आहे, फक्त रविवारी इस्त्रीच्या कपड्यांखाली दडपतो आपण.

आणि २०२४ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिसनी जगभरातल्या शंभरावर विनोदवीरांना व्हॅटिकनला बोलावलं, म्हणाले की देवाबद्दलही हसता येतं, आपण आपल्या जिवलगांची चेष्टा करतो तसं. वसईच्या मित्राने मला ते पाठवलं, मी लगेच तुम्हाला फॉरवर्ड केलं, आणि तुमचा रिप्लाय काय, "उशीर केला, पण बरोबर बोलले." बाई, तुम्ही खरंच अशक्य आहात 😄

तर थँक्यू. खोडीला वळण लावलंत आणि तरीही तिची खोडी घालवली नाहीत, ह्यासाठी जास्त.

ह्या नाताळात पोरांना घेऊन प्रेषितांच्या कृत्यांतलीच रुदा बसवतोय. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दार वाजवतोय आणि ही पोरगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आतले सगळे त्याच्याचसाठी प्रार्थना करतायत आणि तो आलाय म्हटलं तर तिलाच वेडी म्हणतात. स्क्रिप्ट व्हॉट्सॲपवर टाकलीय, शेवट जमत नाहीये, पेत्र फार वेळ बाहेर उभा राहतोय. बघून सांगा, आणि शनिवारी प्रॅक्टिसला या, रिक्षा मी पाठवतो.

तुमचा,
युतुख