कुंडलिकेच्या काठावर एक साधा बोर्ड तरी लावा

संपादक साहेब, नमस्कार. आम्ही काही मित्र कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी बोट) घेऊन जातो, कधी पोरं ट्यूब पण आणतात. गाडी वरच ठेवायची आणि बोट दोघांनी धरून खाली पाण्यापर्यंत न्यायची, हीच मजा आहे आणि असंच राहू दे, सिमेंटचा रॅम्प नकोच, नाहीतर जीप थेट पाण्यात घालतील लोक. पण मागच्या वेळी उतरताना शेवाळावरून माझा पाय सटकला, हात टेकला तर तिथेच फुटलेली बीअरची बाटली, तळवा चांगलाच कापला.

त्याहून मोठी काळजी पाण्याची. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करून मग या नदीत येतं, म्हणून तर उन्हाळ्यात पण राफ्टिंग चालतं, पण पाणी सुटलं की गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस बघता बघता ओढला जातो, आणि नवीन येणाऱ्याला हे कोण सांगणार? उतरायच्या जागेवर आज पाणी कधी सुटणार ते मराठीत लिहा, चार दगडी पायऱ्या करा, कचऱ्याचा डबा ठेवा. आणि ट्यूबवाल्यांनो, पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच, प्लीज.

– एक वाचक, ठाणे