वजन उतरल्यावर सीपॅप मशीनचे काय करायचे

सातारा,
सोमवार

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्षभरात तुझे वजन ८८ किलोंवरून ७६ किलोंवर आले, हे काल फोनवर ऐकून मला फार आनंद झाला. परंतु त्याच ओघात, तुझ्या स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी, दिलेल्या सीपॅप मशीनबद्दल ‘घोरणे थांबले, म्हणून मशीन कपाटात ठेवून दिले’ असे जे तू म्हणालास, त्यामुळे रात्री माझा डोळा लागला नाही. फोनवर हे बोलले असते तर ‘हो आई, बघतो’ म्हणून तू विषय मिटवला असतास, म्हणून सविस्तर लिहिते आहे. यातले बरेचसे मी तुझ्या बाबांच्या उशाशी जागून शिकले आहे.

२०१६ साली बाबांची झोपेची तपासणी झाली तेव्हा त्यांचे वजन ९४ किलो होते, आणि तासाला ३८ वेळा त्यांचा श्वास थांबत किंवा अगदी उथळ होत होता. ही संख्या ५ च्या आत असली तर चिंता नाही, १५ पासून आजार मध्यम आणि ३० पासून तीव्र समजतात, हे तुला ठाऊक आहेच. सीपॅप मशीन मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा धरते; तो दाब रात्रभर कमीजास्त करून त्यांच्यासाठी ११ सेंटिमीटर पाण्याइतका ठरवण्यात आला. पुढे मधुमेह निघाला, बाबा रोज पहाटे अजिंक्यतारा चढू लागले आणि दीड वर्षात १३ किलो उतरले. मशीनचा त्रास सुरू झाला तो तेव्हापासून. गाल बसल्यामुळे मास्कच्या कडेतून हवा निसटून शिट्टीसारखा आवाज येई, पट्टा आवळावा तर नाकाच्या हाडावर वळ उठे, आणि सकाळी पोटात हवा भरून ढेकरांवर ढेकरा येत. आम्हाला वाटले, मशीन बिघडले. खरे तर ९४ किलोंच्या माणसासाठी ठरवलेला दाब ८१ किलोंच्या माणसाला जास्त होऊ लागला होता. बाबांनी कोणालाही न विचारता मशीन बंद केले, आणि घोरणे खरोखरच हलके झाले असल्यामुळे मीही त्यांना अडवले नाही. ती चूक आम्हा दोघांची होती.

एका रात्री वीज गेली आणि पंखा थांबला. त्या शांततेत मला बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि मग तो ऐकू येईना. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला, तर पोट हलत होते; नाकापुढे बोटे धरली, तर बोटांना हवा लागत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी मोजू लागले. अठराव्या ठोक्याला त्यांनी हिसका देऊन मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि जागे न होताच पुन्हा झोपी गेले. त्याच महिन्यात कोरेगावहून येताना डुलकी लागून त्यांची स्कूटर रस्त्याच्या कडेला उतरली होती, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी, मी फार खोदून विचारल्यावर सांगितले. पुन्हा तपासणी केली तेव्हा आकडा ३८ वरून १७ वर आलेला होता. सुधारणा मोठी होती, तरीही आजार मध्यम स्वरूपात होताच. डॉक्टरांनी दाब ८ वर आणला, लहान मापाचा मास्क दिला, आणि पोटातल्या हवेची तक्रार आठवडाभरात गेली.

वजनाचा आणि श्वासाचा संबंध नेमका कसा आहे, तेही समजून घे. चरबी जशी पोटावर साठते तशी ती जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या भिंतींतही साठते, त्यामुळे झोपेत स्नायू सैल पडले की आधीच अरुंद झालेली वाट मिटते. शिवाय उताणे झोपल्यावर पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो, फुप्फुसे पुरती फुगत नाहीत, आणि त्यांच्यामुळे श्वासनलिकेला खालून जो ताण मिळून घसा उघडा राहतो तो ताणही कमी होतो. वजन घटले की या दोन्ही गोष्टी सुधारतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० लोकांना चार वर्षे पाहून २००० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वजन १० टक्क्यांनी वाढले तर हा आकडा सरासरी ३२ टक्क्यांनी वाढतो आणि वजन तितकेच घटले तर २६ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. तुझे वजन साडेतेरा टक्क्यांनी उतरले आहे आणि तुझा आकडा २४ होता. त्यातून तिसरा हिस्सा वजा केला तरी १६ उरतात. ही सरासरी आहे, तुझ्या बाबतीत कमी उरतील किंवा जास्तही. पण तपासल्याशिवाय ते कळायचे नाही.

त्यातून तू बाबांचा जबडा घेऊन जन्माला आला आहेस. हनुवटी थोडी मागे, तोंडात जिभेला जागा कमी. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, त्याचे एक कारण हेच आहे. वजन कितीही उतरले तरी हाड जिथल्या तिथेच राहते.

मशीनच्या ॲपवर शेवटच्या महिन्यात रोज २ च्या खाली आकडा दिसत होता, असेही तू म्हणालास. तो आकडा मशीन चालू असतानाचा आहे. हवेच्या दाबाने घसा उघडा धरलेला असताना किती वेळा श्वास अडखळला, एवढेच तो सांगतो. मशीनशिवाय काय होते, हे मशीन न लावता केलेल्या तपासणीतूनच कळते. तुझे मशीन स्वतः दाब बदलणारे आहे, त्यामुळे रात्री लागणारा दाब गेल्या वर्षापेक्षा किती खाली आला आहे, हे त्याच्या नोंदींत डॉक्टरांना दिसेल. म्हणून या नोंदी ज्यात साठतात ते मशीनमधले कार्ड जपून ठेव.

उलट दिशेनेही हेच घडते, आणि ते अधिक फसवे असते. २०२२ साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांचे फिरणे बंद पडले आणि वजन ९ किलोंनी वाढले. ते मशीन रोज लावत होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मग सकाळचे डोके दुखणे परत आले, रात्रीतून तीनदा लघवीला उठणे परत आले, आणि दुपारी वर्तमानपत्र हातातून गळू लागले. कार्ड वाचून पाहिले तेव्हा मशीन लावूनही आकडा ९ निघाला. दाब १० करावा लागला. मशीन लावतो म्हणजे उपचार पुरा पडतोच असे नाही, हे मला त्या वेळी कळले.

तुझ्या ऑफिसातले काहीजण वजनासाठी आठवड्याचे इंजेक्शन घेतात, असे तू सांगितलेस. त्यातले टिर्झेपटाइड हे औषध लठ्ठपणा असलेल्या मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाले. चाचण्यांत मोठ्या मात्रेवर वर्षभर राहिलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा आजार अगदी सौम्य झाला किंवा गेला. याचा अर्थ उरलेल्यांना मशीनची गरज राहिलीच. औषध थांबवल्यावर वजन परत येऊ लागते, आणि वजनाबरोबर आजारही.

तू तुझ्या कष्टांनी वजन उतरवले आहेस, आणि कदाचित तुझे मशीन खरोखरच सुटेलही. तसे झाले तर मला तुझ्याइतकाच आनंद होईल. परंतु तो निर्णय तपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी घ्यावा. तोवर आज रात्रीपासून ते पुन्हा लाव. दाब जास्त वाटला तर तसे डॉक्टरांना सांग, मास्क गळत असेल तर मापाचा दुसरा घे. तपासणी होईपर्यंत पुण्याहून इकडे येताना रात्री गाडी चालवू नकोस, बसने ये. सूनबाईला माझा निरोप सांग, की एका रात्री तिने दहा मिनिटे तुझा श्वास लक्ष देऊन ऐकावा आणि काय ऐकले ते मला कळवावे. तपासणीची तारीख ठरली की तीही कळव. एकटे जायचे नसेल तर मी येईन.

तुझी,
आई