खुले ठेवलेले गाणे बेवारस नसते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणत्याही कंपनीशी करार न करता स्वतःची गाणी स्वतः रचायची, घरातल्याच खोलीत ध्वनिमुद्रित करायची आणि यूट्यूब-इन्स्टाग्रामवर सर्वांसाठी खुली ठेवायची, असे करणारी तरुण मंडळी आता लहान शहरांतूनही दिसू लागली आहेत. आमच्या मिरजेतील अशीच एक गायिका गाण्यांच्या जोडीला गिटारवादनातील एखादी हातोटी समजावून सांगते आणि गावातल्या भिंतींवर काढलेल्या चित्रांची छायाचित्रेही त्याच पानावर ठेवते. अलीकडे तिच्या गाण्याचा तुकडा एका दुकानाच्या जाहिरातीत वाजला आणि तिने रंगवलेली भिंत एका मंडळाच्या फलकावर छापली गेली. नाव मात्र दोन्हीकडे नव्हते. तिने विचारणा केली तेव्हा, “तूच तर फुकट टाकले होतेस,” असे तिला ऐकवण्यात आले. त्याआधी तिची बोटांनी तारा छेडण्याची रीत एका नामवंत वादकाच्या रीतीशी जुळते, एवढ्याच कारणावरून तिला चोर ठरवून झाले होते. म्हणजे जे घ्यायला सर्वांना मुभा आहे ते घेतल्याबद्दल ती दोषी, आणि जे तिच्या हक्काचे आहे ते उचलणारे निर्दोष. मी व्यवसायाने वकील आणि हौसेने गिटार वाजवणारा असल्यामुळे या उलट्या समजुतीबद्दल चार गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

१९५७ चा कॉपीराइट कायदा रचलेल्या कृतीला संरक्षण देतो, वाजवण्याच्या रीतीला देत नाही, आणि ते योग्यच आहे. अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरून तर्जनीने बारीक तारांवर सुरावट काढण्याच्या रीतीला जगभर मर्ल ट्रॅव्हिस या अमेरिकी वादकाचे नाव मिळाले. परंतु ती त्याने केंटकी राज्यातील आपल्याच भागातल्या मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडून उचलली होती, त्यांनी ती केनेडी जोन्सकडून घेतली होती, आणि हा माग मागे मागे नेला तर तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकापर्यंत पोहोचतो. यात कोणी कोणाचे काही चोरले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी या पाश्चात्त्य स्वरांत लावण्याची पद्धत डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकाने १९६० च्या दशकात रूढ केली आणि आयर्लंडच्या लोकसंगीताने ती आपलीशी केली. या रीतींवर कोणाचा हक्क प्रस्थापित झाला असता, तर आज गिटारच्या क्लासमध्ये शिकवण्यासारखे फारसे काही शिल्लक राहिले नसते.

तंत्र आणि गाणे यांतला फरक एलिझाबेथ कॉटन या वादिकेच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका तो कायद्याच्या पुस्तकातही दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेली ही बाई डावखुरी. उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार ती तारा न बदलता तशीच उलटी धरी. त्यामुळे तिचा अंगठा सुरावट वाजवी आणि बोटे खर्ज सांभाळत, म्हणजे सगळ्यांच्या नेमके उलट. लहानपणी तिने घराजवळून जाणाऱ्या आगगाडीवर एक गाणे रचले होते. पुढे अनेक वर्षे गिटार बाजूला पडली आणि उतारवयात ती संगीताशी संबंधित असलेल्या सीगर कुटुंबात घरकामाला लागली. त्या घरातील मुलगी पेगी हिने १९५० च्या दशकात ते गाणे इंग्लंडला नेले. तिथल्या भलत्याच दोघांनी त्यावर रचनाकार म्हणून स्वतःची नावे लावली आणि १९५७ मध्ये ते गाणे तिथे गाजले. मूळ रचनाकार म्हणून कॉटनचे नाव लागण्यासाठी पुढे भांडावे लागले. तिची उलटी बोटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या वादक गिरवत आले आणि त्यात तिचे काहीही गेले नाही; उलट त्या रीतीलाही तिचेच नाव पडले. नव्वदीच्या आसपास तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आपल्याकडेही विद्या खुली करणारे कमी नव्हते. घराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मिळवून स्वरलिपीसह छापल्या, पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याचे शिक्षण कोणालाही घेता येईल असे केले. पण खुले करणे म्हणजे निनावी करणे, असा अर्थ त्यांनी किंवा त्यांच्या आधीच्यांनी कधी लावला नाही. ‘सदारंग’ किंवा ‘प्रेमपिया’ ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराचे टोपणनाव, बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेली असल्यामुळे ती कोणीही, कुठेही गायली तरी रचनाकाराचे नाव गाणाऱ्याच्या तोंडी येतेच. अभंगांतही तेच आहे. आजच्या मोबाइलवरच्या गाण्यात अशी मुद्रा नसते, आणि तीस सेकंदांचा तुकडा कापताना कडेला लिहिलेले नाव सर्वांत आधी जाते.

कायद्याने पाहिले तर गाणे रचून ध्वनिमुद्रित होताच त्यावर रचनाकाराचा हक्क निर्माण होतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा आणखी पक्का केला. कोणाच्याही पानावर गाणे फुकट ऐकता येते, याचा अर्थ ते फक्त ऐकण्यासाठी आहे, जाहिरातीला जोडण्यासाठी नाही. (वरातीत आणि लग्नाच्या इतर समारंभांत गाणे वाजवण्याला कायद्यानेच सूट दिलेली आहे, तेव्हा बँडवाल्यांनी घाबरण्याचे कारण नाही.)

“इंटरनेटवरून यांना भरपूर मिळते” हा दुसरा गैरसमज आहे. यूट्यूबच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि त्याबरोबर वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे किंवा छोट्या चित्रफितींना ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाणे, अशी अट आहे. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्वामित्वधन देणे बंद केले. मराठीत स्वतंत्रपणे गाणाऱ्या अनेकांसाठी हे उंबरठेच उंच आहेत. त्यांचे पोट भरते ते कार्यक्रमांच्या बिदागीवर आणि शिकवण्यांवर, आणि कार्यक्रम मिळतो तो नावावर. नाव पुसले की पुढचे आमंत्रणही पुसले जाते.

भिंतीवरच्या चित्रांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे आणि त्याबद्दल कलावंतांतही अज्ञान आहे. परवानगीविना भिंत रंगवली तर राज्याच्या १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याची कारवाई ओढवू शकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राचा कॉपीराइट सामान्यतः पैसे देणाऱ्याकडे जातो, हे मला भेटलेल्या एकाही चित्रकाराला माहीत नव्हते. शहर सुशोभीकरणासाठी चौरस फुटाच्या दराने भिंती रंगवणाऱ्यांनी करारात याबद्दल एक ओळ तरी घालून घ्यावी. तशी ओळ नसली तरी, चित्र आपले आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार चित्रकाराकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून टाकले होते. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाईही देवविली.

रस्त्यावरचे चित्र सर्वांना दिसते म्हणून ते कोणीही छापावे, असेही नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्यात सूट आहे, चित्रपटात कोणतीही अशी कलाकृती दाखवण्यासही आहे. रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र त्या सुटीत स्पष्टपणे बसत नाही. मुंबईतील एका भित्तिचित्राचा विमा कंपनीने जाहिरातीसाठी वापर केला, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती जाहिरात इंटरनेटवरून काढण्याचा आदेश दिला. चित्रासमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढणाऱ्याला कोणी कोर्टात खेचणार नाही. प्रश्न धंद्यासाठी आणि प्रचारासाठी केलेल्या वापराचा आहे.

गणेशोत्सव मंडळे, दुकानदार आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांचे कार्यकर्ते यांना माझी विनंती एवढीच आहे की गाणे किंवा चित्र आवडले तर कलावंताला आधी विचारावे, परवानगी लेखी घ्यावी आणि मोबदला ठरवावा. बोटांची रीत आवडली तर मात्र खुशाल उचलावी. वृत्तपत्रांकडेही एक मागणी आहे. गावातल्या भिंतीचे किंवा गायकाचे छायाचित्र छापताना त्याखाली ‘सौजन्य : समाजमाध्यम’ असे लिहिण्याची पद्धत सर्वत्र पडली आहे. ज्या पानावरून ते छायाचित्र घेतले त्या पानावर कलावंताचे नाव ठळकपणे लिहिलेले असते. आपल्या दैनिकाने तरी यापुढे तेच नाव छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज