मेडिक्लेम घेताना खोलीभाड्याची अट आधी वाचा

संपादक महोदय,

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, तेव्हापासून हप्ता किती उतरला याचीच चर्चा जास्त. हप्ता आणि कव्हर हे दोनच आकडे बघून पॉलिसी घेतली जाते. दावा कापला जातो तो मात्र आतल्या पानांवरच्या अटींमुळे.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी अट खोलीभाड्याची. ५ लाखांच्या पॉलिसीत ‘विमा रकमेच्या १ टक्का’ अशी मर्यादा असेल, तर रोजचे ५ हजार मंजूर. रुग्ण १० हजारांच्या खोलीत असला तर वरचे ५ हजार आपण भरू, असा घरच्यांचा हिशेब असतो. पण खोली वरच्या वर्गाची घेतली की बहुतेक रुग्णालये सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे दरही चढे लावतात. म्हणून कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे इथे निम्मे, कापते. समजा, चार दिवसांचे भाडे ४० हजार, शस्त्रक्रियेची सगळी फी १ लाख २० हजार, औषधे आणि तपासण्या ७० हजार. औषधे-तपासण्यांना ही कात्री लागत नाही; ते ७० हजार मिळतील. उरलेल्या १ लाख ६० हजारांपैकी ८० हजारच. बिल २ लाख ३० हजारांचे, कव्हर ५ लाखांचे, तरी ८० हजार खिशातून! खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

दुसरी गोष्ट प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्याच्या अर्जाची. तो बहुधा एजंटच भरतो आणि मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपुढे सरसकट ‘नाही’ लिहून मोकळा होतो. सही किंवा ओटीपी मात्र आपला. आजार सांगितला तर फार तर हप्ता वाढेल आणि त्या आजाराच्या दाव्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागेल (हा प्रतीक्षाकाळ) (क्वचित कंपनी नकारही देईल, तो आधीच कळलेला बरा). लपवला तर पहिल्या पाच वर्षांत दावा फेटाळला जाऊन पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसी हाती आल्यावर सोबतची फॉर्मची प्रत ओळ न ओळ तपासावी. चूक दिसली तर लेखी कळवावी. पॉलिसीच नको असेल तर ३० दिवसांत परत करता येते.

को-पे (दाव्यातला आपण भरायचा ठरावीक वाटा), मोतीबिंदूवरची मर्यादा, हर्निया किंवा गुडघेबदलासाठीचा प्रतीक्षाकाळ या बाबी सोबतच्या ग्राहक माहितीपत्रकात सापडतात.

आणि जुनी पॉलिसी पटत नसली तरी ती बंद करून नवी घेऊ नये, पोर्ट करावी, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे वळवून घ्यावी. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा. पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ नव्या कंपनीत जमेस धरला जातो, पण जुन्या विमा रकमेपुरताच. वाढवलेल्या रकमेसाठी तो नव्याने मोजतात.

– एक वाचक, पुणे