जामीन मंजूर, तरी माणूस तुरुंगातच

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 ने तो हक्क दिलाय आणि लोकअभिरक्षक कार्यालयांतले (गरीब आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या सरकारी कार्यालयांतले) वकील जामिनाचे अर्ज नेटाने चालवतातही. पण जामीन मंजूर झाला की काम संपलं असं धरलं जातं. गरिबाची अडचण तिथून सुरू होते.

आदेशाची शेवटची ओळ साधारण अशी असते: ‘रु. 15,000 चा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी; जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी हमी देणारा दुसरा माणूस. मग जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागतो. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापुरात पकडला गेला, तर त्याला ओळखणारे सगळे त्याच्याच टोळीतले. गुंठाभर जमीन कुणाची? गावाकडचा भाऊ धावत आला, तर त्याला ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं सांगतात. वास्तविक मोती राम खटल्यात, 1978 साली, एका गवंड्याच्या भावाला केवळ परजिल्ह्यातला म्हणून नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवलं होतं.

त्याच न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी मुदती घालून दिल्या. सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण हे दिवस मोजायचे कुणी? तुरुंगाला वाटतं वकील मोजतोय, वकिलाला वाटतं तुरुंग.

केंद्राच्या गरीब कैदी सहाय्य योजनेतून कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्याच्या, जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम भरता येते. ती रोख भरायची असते, आणि आदेशात मात्र माणूस मागितलेला असतो. म्हणून आधी ‘जामीनदाराऐवजी रोख जामीन घ्यावा’ असा अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की निधी असून उपयोग नाही.

आमची मागणी एवढीच आहे. सुटका होईपर्यंतची जबाबदारी लोकअभिरक्षक कार्यालयाकडे लेखी सोपवा. जामीन मंजूर झाल्यापासून आठव्या दिवशी रोख जामिनाचा अर्ज दाखल झाला का, याची नोंद तुरुंगात ठेवायला लावा. आणि या योजनेची रक्कम मंजूर करणाऱ्या जिल्हा समितीची बैठक दरमहा ठरल्या तारखेला होईल, असा शासन निर्णय काढा.

आपले,
फौजदारी विधी सहाय्याचं काम करणारे वकील व विधी स्वयंसेवक