फायर अलार्म वाजेल का, हे कंत्राटात कुठे लिहिले आहे? : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय रुग्णालयांतील फायर अलार्म यंत्रणेच्या तपासणी व चाचणीची कंत्राटे.

मा. महोदय,

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत १० बालके दगावली आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान ११ रुग्णांचा बळी गेला. त्यानंतर चौकशा झाल्या, फायर ऑडिटचे आदेश निघाले. यंत्रणा बसवण्यावर चर्चा होते, निधी मिळतो, उद्‌घाटनही होते. बसवलेली यंत्रणा ५ वर्षांनी वाजेल की नाही, हे ज्या वार्षिक देखभाल कंत्राटावर अवलंबून असते, त्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. या क्षेत्रात काम करणारा अभियंता म्हणून मी त्या कंत्राटापुरतेच लिहीत आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला फॉर्म बी म्हणतात ते, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करायचे असते. अपेक्षा रास्त आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी देखभालीचे कंत्राट ज्या एजन्सीकडे असते, तीच फॉर्म बीही देते. ज्याने काम करायचे त्यानेच ते झाल्याचा दाखला द्यायचा, असा हा मामला आहे. त्यातून निविदा सर्वात कमी दर भरणाऱ्याला जाते आणि तो दर संपूर्ण इमारतीसाठी एकरकमी असतो. किती डिटेक्टर (धूर ओळखणारी उपकरणे), किती कॉल पॉइंट (हाताने अलार्म देण्याची भिंतीवरची बटणे), किती हूटर (भोंगे) आणि ते कोणत्या खोलीत, याची यादी निविदेला जोडलेलीच नसते.

त्याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. ३०० स्मोक डिटेक्टर असलेले रुग्णालय घ्या. प्रत्येक डिटेक्टरखाली शिडी लावायची किंवा टेस्टरची काठी वर धरायची, त्यात चाचणीचा धूर सोडायचा, पॅनेलवर, म्हणजे सगळी उपकरणे जोडलेल्या नियंत्रण पेटीवर, बरोबर खोलीचे नाव उमटले का हे सहकाऱ्याने पाहायचे आणि धूर निवळल्यावर रीसेट करायचे, याला घाईतसुद्धा ४ मिनिटे लागतात. म्हणजे दोघांच्या पथकाचे २० तास, आणि त्यात खाटा बाजूला घेण्याचा किंवा शस्त्रक्रियागृह रिकामे होण्याची वाट पाहण्याचा वेळ धरलेला नाही. प्रत्यक्षात मात्र सर्व्हिस रिपोर्टवर येण्याजाण्याच्या वेळेत दोनेक तासांचेच अंतर दिसते, 'सर्व डिटेक्टर तपासले, यंत्रणा सुस्थितीत' असा शेरा असतो आणि खाली त्या वेळी हजर असलेल्या कुणा कर्मचाऱ्याची सही असते. सही करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नेमके काय पाहून सही करायची, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

दोन तासांत होते ते एवढेच, की पॅनेलवरचे टेस्ट बटण दाबले जाते, एखादा कॉल पॉइंट तपासला जातो आणि पॅनेल 'नॉर्मल' दाखवते. पण रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेली प्लॅस्टिकची टोपी कुणी काढली नसली, तरी वायर शाबूत असल्यामुळे पॅनेल 'नॉर्मल'च दाखवते. चुंबक लावून डिटेक्टरचा दिवा पेटवला, तर आतले सर्किट चालते एवढेच कळते. धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजलेल्या जाळीतून धूर आत शिरतो का, हे धूर सोडल्याशिवाय कळत नाही. वीज गेल्यावर यंत्रणा चालवणाऱ्या बॅटरीला नुसता मीटर लावला, तर २४ व्होल्ट दिसतात. वीज तोडून हूटर वाजवले की जुनी बॅटरी काही मिनिटांत मान टाकते. नेब्युलायझरच्या वाफेने वारंवार खोटा अलार्म येणारा झोन, म्हणजे इमारतीचा तेवढा भाग, तर पॅनेलवरून कधीच डिसेबल (बंद) केलेला असतो आणि पॅनेलवरच्या पिवळ्या दिव्याची सगळ्यांना सवय झालेली असते. जिथले रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत, व्हेंटिलेटरसह शेजारच्या सुरक्षित विभागात हलवावे लागतात, तिथे पहिली ५ मिनिटे हातची जाणे परवडत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, प्रत्येक उपकरणाची क्रमांकवार यादी निविदेला जोडावी, दर उपकरणामागे मागवावा आणि देयक पॅनेलच्या इव्हेंट लॉगवरून द्यावे. ॲड्रेसेबल पॅनेल, म्हणजे प्रत्येक उपकरण वेगळे ओळखणारे पॅनेल, प्रत्येक अलार्मची वेळ व ठिकाण या लॉगमध्ये नोंदवून ठेवते. ३०० डिटेक्टर खरोखर तपासले असतील, तर ३०० नोंदी सापडल्याच पाहिजेत. फक्त झोन दाखवणाऱ्या जुन्या कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये तशी सोय नसते, तिथे खोलीनिहाय तक्त्यावर त्या त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची सही घ्यावी.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. फॉर्म बी देणारी एजन्सी देखभाल करणाऱ्या एजन्सीपेक्षा वेगळी असावी आणि तिची नेमणूक जिल्हा पातळीवर सर्व रुग्णालयांसाठी एकत्र व्हावी. खर्च वाढेल, हा आक्षेप मला मान्य आहे. तो थोडा वाढेलच. पण न झालेल्या चाचणीपोटी आज जो पैसा जातो, तो वाचतोय असे म्हणता येणार नाही.

दोष सापडल्यावर काय, हा प्रश्न त्याहून किचकट आहे. रुग्णालय आरोग्य विभागाचे, इमारतीची विद्युत कामे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि सुट्या भागाची मंजुरी स्वतंत्र. या फेऱ्यात एक बिघडलेला हूटर महिनोन्‌महिने लटकतो. डिटेक्टर, हूटर, कॉल पॉइंट, बॅटरी यांचे दर कंत्राटातच आधी मंजूर करून घ्यावेत, ठरावीक मर्यादेपर्यंत ते बदलण्याचे अधिकार जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावेत आणि दुरुस्ती २४ तासांत झाली नाही, तर त्या झोनमध्ये रात्रंदिवस गस्तीचा माणूस ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकावी. पॅनेलचा पासवर्ड आणि प्रोग्रॅमिंगची प्रत रुग्णालयाच्या मालकीची असेल, हेही लिहून घ्यावे, कारण कंत्राट बदलले की जुना कंत्राटदार पासवर्ड घेऊन जातो आणि नव्याला साधे खोलीचे नावही बदलता येत नाही.

नव्या निविदा निघायला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. तोवर आपल्या विभागाने ॲड्रेसेबल पॅनेल असलेल्या कोणत्याही एका जिल्हा रुग्णालयात अधिकारी पाठवून पॅनेलचा लॉग काढावा आणि तो गेल्या जुलैच्या फॉर्म बीशी व त्या तारखेच्या सर्व्हिस रिपोर्टशी ताडून पाहावा. त्यासाठी ना निविदा लागते, ना तरतूद.

आपला विश्वासू,
अग्निसूचना यंत्रणांच्या देखभालीत काम करणारा एक अभियंता